रेंजपुरतं घर

राऊटर लावल्यापासून त्याची रेंज जिथवर पोचते, तेवढंच आमचं घर उरलंय. आधी मागची गॅलरी गेली. मग मोरी गेली. आज सकाळी स्वयंपाकघरात आईच्या खोलीचं दार होतं तिथे सरळ भिंत आली. आई आत.

दोष राऊटरचा नाही, आमच्या दादाच्या अकलेचा. घरात टीव्ही येवो की मिक्सर, आमच्याकडे त्याला आधी हळदकुंकू आणि मग आईच्या हातचं क्रोशाचं कव्हर. राऊटरलाही तेच. वर दादाने, म्हणजे आमच्या दिगंबररावांनी, तो शोकेसमध्ये ठेवून कुलूप घातलं.

"अरे, बाहेर काढ तो! आई अडकलीय आत."

"धूळ बसेल," दादा म्हणाला. "हॉलमध्ये मोबाइल चालतोय ना?"

चालतोय म्हणे, डोंबल!

कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, मागच्या खोलीत रेंज दिसत नाहीये."

"मागची खोलीच दिसत नाहीये!"

"मग बरोबर आहे, मॅडम. अजून काही मदत?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन आपटला आणि भिंतीला कान लावला. आत क्रोशाची सुई चालली होती.

"आई, विणणं थांबव आधी!"

"थोडंच राहिलंय गं. काठ बाकी आहे."

म्हणजे कव्हर अजून पुरं झालंच नव्हतं. शोकेसच्या फटीतून पांढरा दोरा निघून, फरशीवरून, त्या भिंतीत गेला होता. प्रत्येक टाक्याला भिंत पुढे सरकत होती. अर्धा ओटा तिने गिळलाही होता.

मी बत्ता उचलला आणि शोकेस फोडलं. "अगं, काच!" दादा किंचाळला. आईसाठी मेल्याचा एवढा आवाज निघाला नव्हता.

दोरा धरून ओढला. कव्हर भराभर उसवलं, भिंत मागे हटली, ओटा आला, दाराची चौकट आली. राऊटरचे दिवे हिरवे झाले. चौकटीत भिंत मात्र तशीच. कव्हर संपलं होतं, म्हणून मी भिंतीतून येणारा दोरा ओढायला लागले. विटा विरळ झाल्या, पलीकडे पलंगाचा पाय दिसला.

"आई, येतेय का बाहेर?"

"ओढ तू," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

हातात येणारा दोरा आता हिरवा होता, तिच्या लुगड्याचा. मी थांबले. भिंत पुढे आली. मी ओढला. दोरा पिकलेल्या केसांचा यायला लागला.