आठ मिलिमीटर आणि थोरली

बोलण्याची वाट गाठीपासून आठ मिलिमीटर दूर आहे, असं माझा नकाशा ठामपणे सांगत होता. मेंदूतल्या मज्जातंतूंचे हे नकाशे मी एमआरआयवरून काढतो आणि ऑपरेशनच्या वेळी पडद्याशी बसतो. समोर शिंपीमास्तर, कवटी उघडी, पण टक्क जागे. गाठ काढताना त्यांची वाचा जाऊ नये म्हणून वाचातज्ज्ञ बाई त्यांना चित्रं दाखवत होत्या आणि ते नावं सांगत होते. छत्री. किल्ली. घोडा.

मग कात्री आली. मास्तर म्हणाले, "थोरली."

"पुन्हा सांगा बरं," बाई म्हणाल्या.

"थोरली हो!" मास्तर वैतागले.

सर्जन मॅडमचा हात थांबला. "तुझा नकाशा काय म्हणतो?"

"आठ मिलिमीटर," मी म्हणालो. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू चुकीचा शब्द मीच बोललो होतो.

नर्स बाहेर बसलेल्या मास्तरांच्या बायकोला विचारून आली ती हसतच. "घरी मोठ्या कात्रीला थोरलीच म्हणतात. लग्नाआधीपासूनची आहे ना! बायको धाकटी."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, माझा सोडून. नकाशा खरा ठरला होता, तरी मला काही सुधरेना. काल तपासणीत याच चित्राला मास्तर स्वच्छ 'कात्री' म्हणाले होते. मग आज घरचा शब्द का? कंटाळा? गुंगी? की नेहमीचा शब्द सापडेना म्हणून हाताशी होता तो उचलला? शिवाय नकाशा कवटी बंद असतानाचा. उघडल्यावर मेंदू खाली बसतो, हे मीच नवख्यांना घसा फोडून सांगतो. आणि आता आपल्याच नकाशाची बाजू घेऊन बसलो होतो. माझी मलाच लाज वाटली.

"मॅडम, थांबा. काल ते कात्री म्हणाले होते."

"शब्द बरोबर की चूक, एक काय ते सांग!"

"दोन्ही," मी म्हणालो. काय पण उत्तर!

मॅडमनी आठ्या घातल्या, पण मेंदूवरून सोनोग्राफी करून पाहिली. तो सरकला होता. मी नकाशा नव्याने जुळवला. आता वाट गाठीपासून दोनच मिलिमीटर. तेही छातीठोकपणे नाहीच. मॅडमनी गाठीची वाटेलगतची कड राहू दिली. ती पुढे वाढली तर? माझा आधीचाच आकडा खरा असला तर? घरी जाईपर्यंत डोक्याचा पार भुगा झाला.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांच्या खाटेपाशी कात्रीचं चित्र धरलं.

"कात्री," मास्तर म्हणाले.

मी उशाशी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोकडे बोट केलं. "आणि या कोण?"

ते तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. "कात्री."

तिने तोंडावर हात धरला.

"अहो, जीभ बघा की हिची," मास्तर म्हणाले.

तिने त्यांच्या दंडावर एक चापट मारली आणि रडायलाच लागली. मला मास्तरांचा असा काही राग आला, की मी त्यांचा हात किती तरी वेळ सोडलाच नाही.