विसण

पाणी तपासणाऱ्या माणसाला कुणी हौसेनं घरात घेत नाही. तो आला म्हणजे काहीतरी बिघडलेलं आहे आणि तो गेला तरी ते बिघडलेलंच राहणार, अशी लोकांची खात्री असते. तपासनिसाला याची सवय होती. उभी नोकरी त्याने लोकांच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून काढली होती, आणि बोलायचा तो इतका हळू की समोरच्याला दोनदा "काय?" म्हणावं लागे. निवृत्ती तोंडावर आली तरी दाराची कडी वाजवताना त्याचा हात अजून अडखळायचा.

मोठ्या शहरांच्या पाण्याला इंजिनियर असतात, प्रयोगशाळा असतात. त्याच्या वाट्याला आल्या होत्या त्या चिमुकल्या योजना. एक झरा, एक टाकी, टाकीतून उतरणारा एक नळ आणि ते सगळं सांभाळणारा एखादा नळवाला, जो उरलेल्या वेळात सायकली दुरुस्त करायचा. टेकडीवरची ही वस्ती तशीच. फरक इतकाच की इथे त्याची सख्खी बहीण राहत होती. वस्तीतले लोक त्याला उकळाकाका म्हणत, आणि अक्का बारक्या म्हणायची.

उकळाकाका हे नाव नवं होतं. टेकडीची माती घसरली आणि टाकीखालचा नळ तडकला, तोही नेमका गटाराला लागून. नळवाल्याने त्यावर ट्यूबचं रबर आवळून बांधलं. टाकीत जंतू मारायचं औषध पडत होतं, पण पाणी बंद झालं की रिकामा नळ त्या फटीतून गटाराचं पाणी आत ओढायचा, आणि टाकीतलं औषध खालच्या घरांपर्यंत पोचायच्या आधीच संपून जायचं. तपासनीस खालच्या नळांचं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात तपासणीच्या द्रावणाचे थेंब टाकी. औषध शिल्लक असेल तर पाणी पिवळं पडतं. ते पडत नव्हतं. नवा नळ मागवला होता, तो येत नव्हता. टँकर पायऱ्या चढत नाही. पाणी तोडावं तर लोक खालच्या ओढ्यावर जाणार, आणि सगळं गटार त्याच ओढ्यात. तेव्हा पाणी चालू ठेवून त्याने एकच गोष्ट घरोघर सांगितली होती. उकळा. खळखळून उकळा.

आणि लोक उकळत होते. हेच तर त्याला खात होतं. त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. घराघरात गॅसवर पातेलं, भिंती ओल्या, खिडक्यांच्या काचा धुरकटलेल्या.

"काका, आता पाण्यापेक्षा आमचीच डोकी जास्त उकळलीत," नळवाला म्हणाला होता.

तरी पोरं जुलाबांनी आजारी पडतच होती. मोठी माणसं कमी, लहान पोरं जास्त. साहेब फोनवर म्हणाले, "अहो, लोक खोटं बोलतात. तुम्ही दिसलात की गॅस पेटवतात." साहेब वाईट नव्हते, थकले होते. पण तपासनिसाला लोकांवर संशय घेता येईना. त्याला संशय घ्यायची सवय एकाच माणसावर होती, स्वतःवर. नमुना भरताना बाटलीच्या तोंडाला अंगठा लागला असेल का? दोष पाण्याचा नसून दुधाचा असेल का? आपण काही भलतंच सांगत फिरतोय का?

आज सकाळी अक्काचा नातू दवाखान्यात गेला.

त्याला ढोल्या म्हणत, कारण मांडीवर घेतला की मांडी दुखायची. तपासनीस दवाखान्यात पोचला तेव्हा भाचीच्या मांडीवर जे होतं त्याला ढोल्या म्हणवेना. डोळे आत गेलेले, टाळू खोल बसलेली. रडत होता, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं आणि भाचीला सांगितलं, "शू होऊन लंगोट ओला झाला की मला हाक मारा. तोवर मी काही बोलणार नाही."

भाची त्या लंगोटावर हात ठेवून बसली होती. "मामा," ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं तसंच केलं हो सगळं."

तो पायऱ्या चढून वस्तीत आला.

अक्का घरीच थांबली होती, कारण ढोल्याची मोठी बहीण तिच्यापाशी होती. नुकती बोलायला लागलेली चिमुरडी. भावाला दारात पाहून अक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आलास? आत ये. आज तरी आत ये. तो बघ तुझा कागद."

गॅसच्या वर भिंतीला त्याचं पत्रक चिकटवलेलं होतं. "पाणी खळखळून उकळून प्या." त्यानेच लिहिलं होतं, त्याच्याच वळणदार अक्षरात, आणि वाफेने आता त्याच्या कडा वळल्या होत्या.

"त्यातलं काय केलं नाही मी, सांग. दूधसुद्धा एवढं उकळलं नसेल कधी. भाजी उकळलेल्या पाण्यात धुतली. दात घासायला उकळलेलं पाणी. आणि माझं पोर तिथे सुया टोचून पडलंय. काय शिकलास रे तू एवढी पुस्तकं वाचून? लहानपणी जेवायला हाक मारली तर पुस्तकातून मान वर करायचा नाहीस."

"अक्का, मला फक्त बघू दे. तू पाणी कसं करतेस ते."

"आता पाणी उकळायचं मी तुझ्याकडून शिकू?"

"नको. तू मला दाखव."

तो इतक्या काकुळतीने बोलला की अक्का थबकली. तेवढ्यात पोरीने तिचा पदर ओढला. "आजी, पाणी." सकाळपासून पोरगीही जराशी मलूल होती.

पातेलं गॅसवर होतंच. पाणी खळखळत होतं. त्याने वाकून पाहिलं. पातेलं स्वच्छ. झाकण स्वच्छ. अक्काने हात साबणाने धुतले आणि ते वाळू दिले. वाटी उकळत्या पाण्याने विसळली. हे सगळं बिनचूक होतं, आणि बिनचूक असूनही पोर मरणार असेल तर मग त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

अक्काने वाटीत पाणी ओतलं. वाफ वर आली. पोरगी रडायला लागली, तिला आत्ताच हवं होतं.

"हो गं, हो. तोंड भाजेल ना," अक्का म्हणाली, आणि बादलीतलं गार पाणी चमचाभर घेऊन तिने वाटीत सोडलं. मग अजून एक चमचा. मनगटावर थेंब टाकून पाहिला. "झालं बघ कोमट."

तपासनीस ते पाहत होता, आणि दिसत असूनही त्याला दिसत नव्हतं. इतकं ते ओळखीचं होतं. आईने त्या दोघांना असंच न्हाऊ घातलं होतं. कढत पाणी अंगावर घेण्याआधी त्यात विसण घालायचं, गार पाण्याचा शिपका टाकून ते सोसवेल असं करायचं. "विसण घाल गं," अशी आई आतून ओरडायची आणि अक्का तांब्या घेऊन धावायची. विसण घातल्याशिवाय लहान मुलाच्या अंगाला पाणी लावायचं नाही, हे अक्काच्या हातांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

वाटी पोरीच्या ओठांपर्यंत गेली.

त्याने ती हिसकावली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने अक्काच्या हातातून काही हिसकावून घेतलं. पाणी फरशीवर सांडलं. पोरीने भोकाड पसरलं.

"वेड लागलं का तुला?"

"ढोल्याला... ढोल्यालाही असंच?"

"मग काय कढत पाजू? त्याच्या दुधात, औषधात, सगळ्यात घालावंच लागतं. थोडंसंच घालते रे. एवढंसं."

तो गप्प राहू शकला असता. नंतर रात्रंदिवस त्याला हे आठवत राहणार होतं, की त्या क्षणी गप्प राहण्याचा विचार त्याच्या मनात येऊन गेला. बाकीच्या घरांत जाऊन सांगावं आणि या घराला कळूच देऊ नये. पण पोरगी समोर उभी होती, आणि तिला तहान लागलेली होती.

"एवढंसं पुरतं, अक्का," तो म्हणाला. "बादलीतलं पाणी नळाचंच ना?"

अक्काने बादलीकडे पाहिलं. मग वाटीकडे. मग स्वतःच्या मनगटाकडे, जिथे तो थेंब अजून ओला होता. तिने तो पदराला पुसला, पुन्हा पुसला, कातडी लाल होईपर्यंत पुसत राहिली.

"तुझ्या कागदावर का नाही लिहिलंस?" ती म्हणाली. या वेळी आवाज चढला नाही, आणि त्यामुळेच त्याला तो सोसवेना.

"लिहिलं होतं. झाकून आपोआप निवू द्या, असं वाक्य होतं. मग वाटलं, एवढं तर बायकांना कळतंच. आपण काय शिकवायचं. खोडलं."

अक्का खाली बसली. पोरगी मुसमुसत होती. त्याने परातीत बादलीतलं गार पाणी ओतलं, त्यात झाकलेलं पातेलं ठेवलं आणि पोरीला म्हणाला, "गार पाणी बाहेर, आपलं पाणी आत. आता वाट बघायची." पाणी निवलं, पोरगी प्याली. तो उठला.

"कुठे निघालास?"

"बाकीच्या घरी."

"तुझं ऐकणार कोण? तोंडातल्या तोंडात बोलतोस." अक्का भिंतीला धरून उभी राहिली. तिने पोरीला कडेवर घेतलं, पायात चपला अडकवल्या. "चल."

पहिल्या दारात ती आतच शिरली. शिवणकाम करणारी बाई मशीनवरून उठली. "अगं अक्का, ढोल्या कसा आहे?"

"माझ्या हाताने पाजलं मी त्याला," अक्का म्हणाली. "उकळलेल्या पाण्यात नळाचं विसण घालून. तू घालतेस?"

शिवणबाईचा हात तोंडावर गेला. घालत होती. पलीकडच्या घरी घालत होते. त्याच्या पलीकडे एक नवी सून ठसक्यात म्हणाली, "आम्ही नाही बाई घालत. आम्ही बर्फ घालतो."

"आणि बर्फ काय आभाळातून पडतो?" अक्का ओरडली.

प्रत्येक दारात तिने तेच सांगितलं. माझ्या हाताने. माझ्या नातवाला. तपासनीस मागे उभा राहून ऐकत होता, आणि दर वेळी त्याला वाटे की आता पुढे व्हावं, म्हणावं की कागद माझा होता. एकदा तो म्हणालाही, पण कुणाला ऐकू गेलं नाही. अक्काला गेलं. तिने मागे न वळता म्हटलं, "ते आपलं आपण बघू, बारक्या. आत्ता परात दाखव यांना."

वाटेत भाचीचा फोन आला. तपासनिसाने कानाला लावला.

"कोरडाच आहे, मामा."

अक्काने त्याच्या चेहऱ्यावरून ओळखलं. पुढची कडी वाजवली.

अगदी खालच्या घरात एक तान्हं तहानेने किंचाळत होतं. त्याची आई वाटी घेऊन नळाकडेच निघाली होती. अक्काने तिचं मनगट धरलं. "थांब. निवू दे." पातेलं परातीत ठेवलं, वर झाकण. आई, अक्का आणि तो, तिघं त्या पातेल्याभोवती जमिनीवर बसून राहिले. तान्हं किंचाळत राहिलं. पाणी काही निवेना. आईचा हात पुन्हा पुन्हा नळाकडे वळत होता आणि अक्का तो पुन्हा पुन्हा मागे ओढत होती.

फोन वाजला.

"मामा," भाची म्हणाली, "थोडीशी शू झाली. डाग म्हणावा एवढी. बाई म्हणतात, एवढ्यावर काही सांगता येणार नाही."

त्याने ते जसंच्या तसं अक्काला सांगितलं. या वेळी काही खोडलं नाही.

"एवढीशी?" अक्का म्हणाली.

"एवढीशी."

तिने मान हलवली. मग झाकणाला बोट लावून पाहिलं. अजून कढत होतं.