वाचताना गाळलेल्या ओळी

गिरणीवाल्याने दोन पाकिटं फळीवर टाकली तेव्हा केझायाला वाटलं, दोन्ही आपलीच. अक्षर हार्लनचं होतं, डावीकडे कललेलं, टोकदार, शाळामास्तरचं. एल्क ओढ्याच्या त्या खोऱ्यात गिरणी हेच पोस्ट होतं, आणि पिठाने माखलेला गिरणीवाला हाच पोस्टमास्तर.

"एक तुझं, एक डेल्फियाचं," तो म्हणाला. "टॉलीला कुठं लिहिता येतंय? तुझ्या नवऱ्याकडनंच लिहून घेत असणार. जाता जाता देऊन टाक तिला."

केझायाचं पाकीट पातळ होतं. डेल्फियाचं मात्र चांगलं फुगलेलं.

आपलं पत्र तिने रस्त्यातच उभ्याने वाचलं. लाल गाय व्याली का? थंडी पडायच्या आत धुराड्याच्या भेगा लिंपून घे. मोजे पोचले. मी आणि टॉली बरे आहोत. आईला जप. तुझा नवरा, हार्लन प्रुइट. नाव तर असं पूर्ण लिहिलं होतं, जसा काही तिला आणखी एखादा हार्लन माहीत होता.

दक्षिणेकडची राज्यं फुटून निघाली, लढाई पेटली, आणि ओहायोच्या त्या डोंगरांतून हार्लन आणि शेजारच्या डेल्फियाचा नवरा टॉलिव्हर, म्हणजे टॉली, एकाच दिवशी, एकाच तुकडीत भरती झाले होते. त्याला दोन वर्षं होऊन गेली. आता ते टेनेसीत कुठेतरी तंबू ठोकून होते. दोघांत साम्य म्हणाल तर शेताचा बांध तेवढा एक. हार्लन मुखदुर्बळ. हिवाळ्यात शाळा घ्यायचा, तिथेसुद्धा पोरांना फळ्यावर लिहूनच दटावायचा. टॉली सारंगीसारखं फिडल वाजवणारा आणि त्याहून जास्त तोंड वाजवणारा. सहीच्या जागी फुली मारायचा आणि त्या फुलीवरही विनोद करायचा.

दुपारी डेल्फिया पत्र घेऊन आली. तिलाही वाचता येत नव्हतं. हात पुसत ती चुलीजवळच्या बाकावर बसली आणि पाय पोटाशी घेतले. "वाच गं किझी. आणि भराभर नको वाचूस. मागच्या वेळी तू घोड्यावर बसल्यासारखी वाचलीस."

केझायाची सासू कोपऱ्यात सफरचंदाच्या फोडी दोऱ्यात ओवत होती. पत्राची चार पानं उलगडलेली बघून ती म्हणाली, "आमच्या हार्लनला एवढं लिहिता येतं होय? मला वाटलं, त्याची शाई आटलीय."

केझाया वाचू लागली. पत्रात छावणीतल्या खेचराची गंमत होती, किडे पडलेल्या बिस्किटांची होती. मग लिहिलं होतं, 'सकाळी धुकं पडतं तेव्हा मला तुझ्या मानेचा वास येतो, ताज्या दुधासारखा.' डेल्फियाने तोंडावर हात घेतला. केझायाचे कान तापले. हे शब्द टॉलीचे, ती स्वतःला समजावत होती. पण लिहिले कोणी? कोणाच्या हाताने ही मान कागदावर उतरवली?

तिसऱ्या पानावर ती थांबली.

'तुला आठवतं,' तिथे लिहिलं होतं, 'माळावरच्या प्रार्थनासभेहून येताना ओढ्याला पाणी होतं. तुझे बूट मी हातात घेतले आणि त्यातला एक वाहून गेला. तू एका पायाने चिखलात लंगडत हसत होतीस. त्या दिवशी मी ठरवलं, लग्न करायचं तर हिच्याशीच.'

तो बूट केझायाचा होता. लग्नाआधीच्या उन्हाळ्यात वाहून गेलेला. घरी तिने सांगितलं होतं, कुत्र्याने पळवला. ही गोष्ट जगात फक्त दोघांना ठाऊक होती. आणि त्या दिवशी हार्लनने काय ठरवलं, हे तर तिलाही ठाऊक नव्हतं. अख्ख्या वाटेवर तो एकच वाक्य बोलला होता, "बूट गेला."

"थांबलीस का?" डेल्फियाने विचारलं.

"अक्षर पुसलंय इथं," केझाया म्हणाली. तिने ती ओळ सोडून दिली आणि पुढचं, खेचराचं, वाचलं.

त्या दिवसापासून तिला चैन पडेना. राखेचं पाणी आणि चरबी कढईत उकळून साबण करताना ती डेल्फियाच्या अंगणाकडे बघायची. डेल्फिया तिच्याहून सात वर्षांनी लहान, गालाला खळ्या, चालताना कमरेत डौल. पूर्वी हे सगळं केझायाला दिसायचं आणि बरं वाटायचं. आता तेच डोळ्यांत सलायला लागलं. मका सोलायच्या बैठकीत ज्याला लाल कणीस सापडेल त्याने वाटेल त्या मुलीचा मुका घ्यायचा, अशी तिकडची रीत. एका वर्षी हार्लनला लाल कणीस सापडलं आणि त्याने ते गुपचूप खिशात घातलं. सगळे हसले. केझायाही हसली होती, माझा नवरा लाजाळू म्हणून. आता तिला वाटू लागलं, कोणाचा मुका घ्यायचा होता त्याला? डेल्फिया त्या दिवशी समोरच बसली होती ना?

आपला बूट दुसरीच्या पायात घालून त्याने तो टेनेसीहून पाठवून दिला होता. आपल्या वाट्याला काय आलं होतं, तर लाल गाय.

पुढचं पत्र आलं तेव्हा तिने एक ओळ गाळली. त्याच्या पुढच्यात चार. एकदा गाळायला लागल्यावर सोपं होतं. डोळा पुढे पळायचा, 'माझी गोडी', 'माझी साय' असं काही दिसलं की जीभ वळसा घालायची. नाताळपर्यंत टॉलीची पत्रं ऐकायला हार्लनच्या पत्रांसारखी झाली होती. हवा, बिस्किटं, मोजे.

"एवढंच?" डेल्फिया विचारायची.

"एवढंच."

"पानं तर चार आहेत गं."

"मोठं मोठं लिहिलंय."

म्हातारी सासू सुई थांबवून केझायाकडे बघायची आणि परत ओवायला लागायची.

डेल्फियाची उत्तरंही केझायाच लिहायची. पूर्वी डेल्फिया इतकं बोलायची की हात दुखून यायचा. 'त्याला सांग, त्याच्या फिडलवर मी कोणाला हात लावू देत नाही. सांग, त्याची उशी मी कुशीत घेते.' आता ती बाकाच्या टोकावर बसायची आणि शाल ओढून घ्यायची. "लिही, डुक्कर कापलं. लिही, सगळं ठीक आहे."

"अजून काही?"

"त्याला काही वाटत नसेल तर मी कशाला वाटून घेऊ?" डेल्फिया म्हणाली. "तिकडं कोणीतरी भेटली असेल. टेनेसीच्या पोरी म्हणे गोऱ्या असतात."

केझायाला वाईट वाटलं नाही असं नाही. पण त्या वाईट वाटण्याखाली कुठेतरी थंडावाही होता. आता दोघी सारख्या झालो, हा. तिने कागदाची घडी घातली.

फेब्रुवारीच्या शेवटी डेल्फियाला पातळ पत्र आलं. टॉली छावणीच्या इस्पितळात तापाने वारला. त्रास फार झाला नाही. त्याचं घड्याळ मी सांभाळून ठेवलं आहे. हार्लन प्रुइट. हे पत्र केझायाने एकही शब्द न गाळता वाचलं. डेल्फिया रडली नाही. तिने विचारलं, "माझं नाव घेतलं का, ते लिहिलंय?"

"नाही," केझाया म्हणाली. आणि ते खरंच नव्हतं लिहिलेलं.

मे महिन्यात हार्लन परत आला. खांद्यात गोळी गेली होती, डावा हात वर जात नव्हता, म्हणून त्याला घरी पाठवलं होतं. तीन दिवस तो ओसरीच्या पायरीवर बसून नुसता शेताकडे बघत राहिला. सासूने त्याला शिजवलेलं डुकराचं मांस आणि मक्याची भाकर खाऊ घातली आणि दर घासाला त्याच्या पाठीवरून हात फिरवला. चौथ्या दिवशी केझाया पेरणीचा मका निवडत त्याच्या शेजारी बसली.

"त्या बुटाची गोष्ट डेल्फियाच्या पत्रात कशी गेली?"

हार्लनचे कान लाल झाले. म्हणाला, "टॉलीनं चोरली."

"चोरली म्हणजे?"

"पहाऱ्यावर असलो की मी त्याला सांगायचो. तुझं."

"माझं काय?"

"सगळंच." त्याने पायरीवरचं ढेकूळ बोटाने फोडलं. "एकदा पत्र लिहायला बसलो तर म्हणाला, ती बुटाची गोष्ट घाल. म्हटलं, अरे, ती माझी आहे. तर म्हणतो, मास्तर, तू काय ती वापरणार नाहीस. पडून सडेल."

"आणि तू लिहिलीस."

"लिहिली."

"ते पत्र मीच वाचणार, हे नाही आलं मनात?"

"आलं. म्हणून लगेच पाकीट बंद केलं. विचार करत बसलो असतो तर गेलंच नसतं."

"मला का नाही कधी लिहिलंस?"

"बसायचो की लिहायला." तो अगदी हताश झाला. "कागद समोर आला की गायच आठवायची."

केझायाला हसू येत होतं आणि त्याच वेळी टॉलीचा हेवा वाटत होता. मेलेल्या माणसाचा. दोन वर्षं तिचा नवरा शेकोटीशी बसून बोलत होता, आणि ते ऐकायला तो होता, ती नव्हती.

मग हार्लन आपणहून म्हणाला, "डेल्फियाला झालं तरी काय होतं? शेवटी शेवटी तिची पत्रं अगदी कोरडी. टॉली तापात होता, तरी मला कागद उलटून बघायला लावायचा. मागच्या बाजूला काही राहिलं असेल म्हणून."

केझायाच्या हातातले दाणे सुपाबाहेर सांडले. तिने ते गोळा केले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डेल्फियाकडे गेली. डेल्फिया परसात वाटाण्याला काटक्या लावत होती. नवऱ्याच्या दुखवट्याचा काळा पोशाख तिला सैल होत होता.

"तुझी पत्रं काढ," केझाया म्हणाली. "पुन्हा वाचून दाखवते. नीट."

डेल्फियाने तिच्याकडे निरखून बघितलं. फिडलच्या पेटीतून गठ्ठा काढून आणला. दोघी दारातच बसल्या. केझाया पहिल्यापासून वाचत गेली. 'माझी साय' आलं. 'तुझ्या उशीवर माझं डोकं ठेवायची जागा राख' आलं. डेल्फियाचा हात हळूहळू गळ्याशी गेला.

"हे नव्हतं," ती म्हणाली.

"होतं."

"तेव्हा होतं?"

"तेव्हाच होतं. मी वाचलं नाही."

केझायाने पुढचं पान घेतलं. ओढ्याची गोष्ट आली तेव्हा तिने तीही वाचली, शेवटपर्यंत.

डेल्फिया ताठ झाली. "बूट? माझा कुठला बूट? मी त्याच्याबरोबर कधी ओढा ओलांडलाच नाही." तिचा चेहरा उतरला. "कोण होती ती किझी? ताप चढायच्या आधीच हा माझ्यात आणि दुसरीत घोळ करायला लागला होता?"

केझायाला वाटलं, गप्प बसावं. पत्राचं अक्षर पुन्हा पुसता आलं असतं. पण डेल्फियाच्या डोळ्यांत तिला स्वतःचाच सगळा हिवाळा दिसत होता.

"ती मी होते," ती म्हणाली. "बूट माझा. हात हार्लनचा. टॉलीनं गोष्ट त्याच्याकडनं ऐकली आणि आवडली म्हणून तुझ्या पत्रात घातली. दुसरी कोणी नव्हती."

डेल्फिया आधी हसली. कितीतरी महिन्यांनी, पोटातून. "चोर मेला. फिडलसुद्धा त्यानं असंच कोणाकडनं तरी आणलं होतं." मग हसू थांबलं. "म्हणून गाळलंस तू? एवढ्या बुटासाठी?"

"हो."

"आणि मी त्याला डुकराचं लिहीत बसले."

केझायाला सांगायचं होतं की तापातही टॉली कागद उलटून बघायचा. सांगावं की नाही, तिला कळेना. सांगितलं तर तो डेल्फियाला परत मिळेल, आणि जन्मभर बोचेलही. शेवटी तिने सांगितलं. डेल्फियाने ऐकलं, सगळी पत्रं तिच्या मांडीवरून उचलली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

उन्हाळाभर ती बांधाच्या अलीकडे आली नाही. पाद्रीणबाईकडे आठवड्यातून दोनदा जाते, वाचायला शिकते, असं गिरणीवाल्याकडून कळलं. सासू म्हणाली, "शहाणी आहे पोर. दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचणं महागात पडतं." केझायाने मान खाली घातली.

उसासारख्या गोड ज्वारीच्या धांड्यांचा रस काढून काकवी करायचे दिवस आले. मोठी कढई खोऱ्यात एकच होती, प्रुइटांची. दरवर्षी दोन्ही घरांची काकवी एकत्र व्हायची. त्या दिवशी सकाळी डेल्फिया धांडे भरलेली गाडी घेऊन आली, हार्लनला खांद्याचं विचारलं, आणि मळी काढायची पळी उचलून कढईच्या पलीकडच्या बाजूला उभी राहिली. दिवसभर दोघी समोरासमोर मळी काढत राहिल्या. बोलणं झालं ते जाळाचं आणि रसाचं. संध्याकाळी आपली मडकी गाडीत ठेवून डेल्फिया थांबली.

"मला आता वाचता येतं," ती म्हणाली. "सावकाश येतं, पण येतं. अजून एक ओळ लागत नाही, टॉलीच्या नाताळच्या पत्रातली. तुला नाही विचारणार. हार्लनला म्हणावं, येऊन सांग."

"सांगते," केझाया म्हणाली.

हार्लन दुसऱ्या दिवशी जेवणानंतर गेला. केझाया दारात उभी राहून त्याला बांध ओलांडताना बघत होती. डेल्फियाने दार उघडलं आणि तो आत गेला. केझायाला तोच जुना हेवा वाटला. तिने तो तसाच राहू दिला आणि भांडी घासायला बसली. भांडी घासून झाली तरी तो आला नव्हता. मग आला, आणि तिने काही विचारायच्या आत चुलीजवळ बसून म्हणाला, "टॉली काय म्हणत होता ते लिहिताना मला जमलं नव्हतं. तेच समजावून सांगायला वेळ लागला." चुलीतलं लाकूड आत सारून तो म्हणाला, "ऐकतेस? तुलाही सांगतो."

तिने हात पुसले आणि त्याच्याजवळ बसली.