दुखतंय का?

आमच्या कोचांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तीस वर्षं तलावाच्या काठावर अर्ध्या चड्डीत उभं राहून लोकांच्या पोरांना पोहायला शिकवलं. उन्हाने त्याचं बक्षीस नडगीवर दिलं: त्वचेचा कॅन्सर. सर्जननी तो कापून काढला, पण नडगीवर मुळात कातडी बेताची, ओढून शिवणार काय? जखम उघडीच ठेवली. ती तळापासून भरत येईल, फक्त पाय घट्ट बांधून सूज उतरवा, असं नर्सने सांगितलं. पायाचा रक्तपुरवठा तपासून तिने मला पट्टी बांधायला शिकवलं. बोटांपासून सुरुवात, गुडघ्याखाली शेवट, ताण सगळीकडे सारखा. मी पडदे शिवते, सारखा ताण मला कुणी शिकवायला नको.

तरी जखम भरेना. कडा ओल्याच, आणि संध्याकाळी पायाचा नुसता भोपळा. पट्टी सोडताना रोज मनात यायचं, आत काही राहिलं असेल का? कोचांना विचारलं की एकच उत्तर, "काही नाही गं, मस्त आहे." या माणसाला दाढ काढतानाही मस्तच वाटलं होतं.

त्या दिवशी कामाला निघताना कात्री विसरले म्हणून मी अर्ध्या वाटेवरून परत आले. कोच पलंगावर बसलेले आणि सकाळी मी बांधलेली पट्टी शेजारी नीट गुंडाळून ठेवलेली. मी यायच्या आत रोज पुन्हा बांधून ठेवत होते म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी काय वेडी म्हणून रोज वाकून बांधते?"

"ओरडू नकोस. बस इथे."

मी बसले नाही.

"तू खालून वर आवळत जातेस ना," ते म्हणाले, "टूथपेस्टची ट्यूब दाबतात तसं. आत थोडा राहिला असेल, तर तो वर नाही का जाणार?"

मला हसूच येणार होतं. तेवढ्यात त्यांनी माझा हात धरून जांघेत ठेवला. तिथे बोराएवढी गाठ होती.

"आठवडा झाला," ते म्हणाले. "गेलाय तो वर."

मग मी बसले.

स्वयंपाकघरात जाऊन, दार लोटून नर्सला फोन लावला. ती हसली नाही, रागावलीही नाही.

"पट्टीने कॅन्सर वर सरकत नाही हो. पायात साचलेलं पाणी तेवढं चढतं. आणि पायाला जखम असली की जांघेत अवधाणाची गाठ येतेच, लहानपणी नाही का यायची? पण त्यांच्या बाबतीत अंदाजावर राहायचं नाही. आजच घेऊन या." मग तिने हळूच विचारलं, "गाठ दाबली की दुखते का?"

"का?"

"दुखत असेल तर बरं. बहुतेक जखमेत जंतू झाल्यामुळे असेल. कडक असेल आणि दुखतच नसेल, तर..."

अवधाण! गुडघे फोडून घेणाऱ्या पोरांचा शब्द. वाटभर मी तो मनात घोळवत होते. पण दुखतं का, हे कोचांना विचारलं नाही. दुखणं बरं असं कळलं असतं, तर माझ्यासाठी त्यांनी विव्हळून दाखवलं असतं. आणि खरं ऐकायची माझी छाती नव्हती.

सर्जनच्या खोलीत कोच टेबलावर आडवे झाले. मी पायथ्याशी, पर्सचा पट्टा मुठीत आवळून. सर्जननी दोन बोटांनी गाठ दाबली. ओरडा, मी मनात म्हणत होते, अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असं ओरडा.

"दुखतं?"

"छे," कोच म्हणाले. "मस्त आहे."

मी टेबलाची कड धरली, आणि मला त्यांच्या पायाची बोटं दिसली. चादरीत रुतली होती.

"अहो, जन्मात एकदा तरी खरं बोला!" मी किंचाळले. "दुखतंय का?"

सर्जनचा हात थांबला. कोचांनी माझ्याकडे बघितलं, मग छताकडे.

"जीव जातोय गं."

मला रडू फुटलं आणि हसूही. "ऐकलंत ना डॉक्टर? जीव जातोय म्हणतात!"

"ऐकलं. चांगली खूण आहे," सर्जन म्हणाले. "पण सुई घालून तपासायला लागेलच."

ते सुई आणायला वळले. कोचांनी चाचपडत माझा हात शोधला. या वेळी कुणी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाले, "भीतीपण वाटतेय."

"मलापण," मी म्हटलं.