ताप उंच असतो

हंसाबाईच्या तांड्यात पोरीला लग्नाआधी रडायला शिकवतात. मायच्या गळ्यात पडून कोणत्या शब्दामागं कोणता शब्द रडायचा, हे ठरलेलं असतं. त्या रडण्याला ढावलो म्हणतात. तांड्यातल्या निम्म्या पोरी हंसाबाईच्या हाताखाली रडायला शिकल्या. तिची स्वतःची जमनी मात्र ऐकेना. तिला यवतमाळला नर्सचं शिकायचं होतं.

जमनीचा बाप गेल्यापासून घर तिचा काका धावजी हाकायचा. त्यानं पांढरकवड्याचा एक बिजवर पाहून ठेवला होता. "दवाखान्यातल्या बाईनं निवडली तं जाऊ दे. नाई तं फाल्गुनात लगन," एवढं त्यानं कबूल केलं. हंसाबाई स्वतः बिजवराच्या घरात आली होती. त्याच्यावर तिला जास्त बोलायचं नव्हतं.

निवडीच्या वेळी थोडं इंग्रजी विचारतात असं कळलं, म्हणून कापसाची गाडी दिग्रसला निघाली की ती जमनीला इंदुताईंकडे न्यायची. इंदुताई जुन्या नर्स. अंगणात तुरीची डाळ पाखडत त्या शिकवायच्या.

"सुटे शब्द पाठ करू नकोस, जोडीनं कर. ताप 'बिग' नसतो, 'हाय' असतो. खोकला 'बॅड' असतो. सर्दी होत नाही, ती धरायची, 'कॅच अ कोल्ड'. आणि औषध 'ड्रिंक' नाही, 'टेक'."

"ताप उंच काहून, ताई? अन् औषध तं पेतेच ना मानूस?"

"काहून-बिहून काही नाही. तसं म्हणतात, झालं."

घरी येईस्तोवर जमनी जोड्या मोडून ठेवायची. कधी ताप मोठा, कधी खोकला उंच.

"तुह्या डोक्यात लगीनच लागून नाई राह्यलं शब्दायचं," हंसाबाई वैतागली. दिवसभर कापूस वेचून तिची कंबर धरली होती. "ढावलोत कोनी काहून इचारते का? सूर धर अन् रड."

मग वावरात, कापूस वेचता वेचता, माय-लेकी इंग्रजी रडू लागल्या. ढावलोच्या सुरात 'हाय फीवर' बरोबर बसला. पुन्हा हलला नाही. आवाज ऐकून शेजारच्या वावरातली भुरीबाई बांधावर धावत आली.

"ठरलं का व लगन? कोन हाये?"

"ताप हाये," हंसाबाई म्हणाली. "उंच हाये."

भुरीबाई महिनाभर बोलली नाही. तेवढाच आराम.

निवडीच्या दिवशी पहाटेच्या एसटीनं दोघी यवतमाळला गेल्या. हंसाबाईचं अंग रात्रीपासून तापलं होतं. तिनं कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर धावजीला निमित्तच सापडलं असतं.

दवाखान्यातल्या चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, "रोग्याला ताप आहे, खोकला आहे. डॉक्टरांना इंग्रजीत कसं सांगशील?"

जमनीनं सूर धरला. एकही जोडी चुकली नाही, पण सुराबरोबर डोळे वाहायला लागले, नाक वाहायला लागलं. बाईंनी टाक खाली ठेवला.

"मुलीची इच्छा नसताना आणलंत का हिला?"

"नाई जी. आमच्यात पाठ असंच करतात."

"रोग्यापुढं अशी रडली तर तो उठून पळेल. न रडता सांग बरं."

जमनीनं तोंड उघडलं. सूर गेला तशी जोडीही गेली. "बिग..." म्हणून ती थांबली. बाई दाराकडं पाहू लागल्या, पुढच्या पोरीला बोलवायला.

हंसाबाईला उभं राहवेना. ती जमनीपुढं फरशीवरच बसली. "माह्याकडं पाह्य. मीच बिमार हावो. सांग बाईसाहेबाले मले काय झालं ते."

"याडी, नाटक नको करू," जमनीनं मायला दटावलं.

"हात लावून पाह्य."

जमनीनं कपाळाला हात लावला आणि तिचा चेहराच बदलला. "काल काहून नाई सांगतलं?" ती मायवर खेकसली, आणि तशीच बाईंकडे वळली, "हाय फीवर, मॅडम! बॅड कॉफ! नो मेडिसिन टेक!" डोळ्यांत टिपूस नव्हतं, नुसता राग होता.

"शेवटचं थोडं चुकलं," बाई म्हणाल्या, पण टाक पुन्हा उचलला. "अजून काय होतंय आईला?"

"थकली हावो," हंसाबाईनंच सांगितलं. "सांग."

ही जोडी इंदुताईंनी दिली नव्हती.

"डेड टायर्ड," बाई म्हणाल्या. "मेल्यासारखी थकलेली, असं म्हणतात."

"मेल्यावर कोन थकते, बाईसाहेब? जित्याचंच काम हाये ते."

बाई पहिल्यांदा हसल्या. जमनीचं नाव लिहून घेत त्यांनी सांगितलं, "सामान घेऊन सोमवारी या."

वावरात निम्मा कापूस उभा होता आणि घरी धावजी होता. परत नेलं तर जमनी पुन्हा एसटीत बसेल, याचा भरवसा हंसाबाईला वाटेना.

"सामान काय, दोन लुगडी," ती भिंत धरून उठली. "मी पाठवते. पोरगी आजपासूनच ठेवा."

जमनी सोबत निघाली तसं हंसाबाईनं तिला दारातच अडवलं. बाईंनी दिलेली गोळी पदरात बांधली आणि एसटी स्टँडचा रस्ता धरला. वाटेत दोनदा ती दुकानांच्या पायऱ्यांवर बसली.