दारापासून पलंगापर्यंत

चाळीस वर्षं मी लोकांच्या खोल्यांत कार्पेट बसवलं. नुसतं टाकलं नाही, भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणून बसवलं. हॉटेलांत, कचेऱ्यांत, एका बाईंच्या घरी तर कपड्यांच्या कपाटाच्या आतसुद्धा. सुटे गालिचे मला कधी आवडले नाहीत. ज्यांचं धड काही ठरत नाही ते गालिचे घेतात, असं मी गिऱ्हाइकांना तोंडावर सांगायचो. कोपरे वर येतात, पोरं अडखळतात, आणि खालून धूळ निघते ती वेगळीच. माझं ऐकून कितीजणांनी हातातला गालिचा परत ठेवला, ते विचारू नका. जीभ माझी तिखट, पण काम चोख, म्हणून लोक ऐकून घ्यायचे.

तर मुलीचा फोन आला. अप्पा, पोरीच्या खोलीत कार्पेट घालायचंय आणि ते काम तुमच्याशिवाय कुणाच्या हाती द्यायचं नाही, म्हणाली. मला काम सोडून दोन वर्षं झाली होती आणि गुडघ्यांनी तर त्याच्याही आधी राजीनामा दिला होता. पण मुलगी मागतेय म्हटल्यावर गुडघ्यांना कोण विचारतो?

नात पाच वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून आम्ही तिला खारू म्हणतो. वर्षापूर्वी तिला ताप आला आणि तो मेंदूपर्यंत गेला. जीव वाचला, कान गेले. अगदी सगळं गेलं नाही, थोडं ऐकू येतंय, असं कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोन्ही कानांत मशिनं बसवली. ते थोडं टिकतंय का बघू, मग पुढचं ठरवू, तोवर घरी ती काय काय ऐकते ते लिहून ठेवा, असं त्यांनी सांगितलं. माझ्या मुलीने त्यासाठी वही केली आणि एक दिवस चुकवला नाही. 'दारातून हाक मारली, लगेच वळून बघितलं.' 'बाबा आल्याचं माझ्याआधी तिला कळलं.' फोनवर मला वही वाचून दाखवायची तेव्हा तिचा आवाज शाळेत पहिला नंबर आल्यासारखा असायचा. मीही वा वा करायचो. त्या वहीवर तिचा सगळा जीव टांगलेला होता, हे काय मला कळत नव्हतं?

उघड्या जमिनीवर आवाज घुमतो, मशिनात नुसता गलका शिरतो, तेव्हा खोलीत काहीतरी मऊ अंथरा, हेही डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं. खारूची खोली वरच्या मजल्यावर, जुन्या लाकडी फळ्यांची. जावयाने स्वतः घासून, तेल पाजून ती जमीन आरशासारखी केलेली. त्याचं म्हणणं, दोन गालिचे टाकू, एक पलंगापाशी, एक टेबलाखाली, बास. मुलीचं म्हणणं, प्रश्न पोरीच्या कानांचा आहे, अर्धवट काही नको, खोलीभर कार्पेटच हवं. यावरून नवरा-बायकोत आठवडाभर धुसफूस चाललेली, आणि पंच म्हणून मी.

पंच कसला! मी आधीच एका बाजूचा. जावई म्हणाला की कार्पेटला कडेने खिळे ठोकावे लागतात, फळ्यांना भोकं पडतील. माझं टाळकं सरकलं. "जावईबापू, तुम्हाला फळ्या प्याऱ्या की पोर?" असं मी सरळ विचारलं. तो लाल झाला. तसं नाही अप्पा, एवढंच पुटपुटला आणि खाली निघून गेला. बरी बोलती बंद केली, असं मला वाटलं. मुलगी माझ्याकडे बघून हसली, आणि मी मिशांवर ताव देत मापं घ्यायला लागलो.

काम मात्र असं केलं की काय सांगू. भिंतींच्या कडेने खिळ्यांच्या पट्ट्या ठोकल्या. खाली एरवी नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या जाड लोकरीचा, एक थर घालतात, मी दोन घातले. पोरीच्या एवढ्याशा खोलीला दोन थर कशाला, असं दुकानदार म्हणाला. तू विक, मला शिकवू नकोस, म्हटलं. वर दाट लोकरीचं निळसर कार्पेट, गुडघ्याने रेटत रेटत चारी बाजूंनी ताणलं आणि पट्ट्यांत अडकवलं. दार घासायला लागलं तेव्हा ते उतरवून खालून रंधा मारला. आमच्या धंद्यात काम पास झालं की नाही हे बघायची एक रीत आहे. एकाने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, दुसऱ्याने दारातून चालत त्याच्यापर्यंत यायचं. चाहूल लागली तर काम नापास. मुलीला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, मी मागून गेलो आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती दचकली आणि खो खो हसली. चाळीस वर्षांत इतकं सुरेख काम माझ्या हातून झालं नव्हतं.

चौथ्या दिवशी फोन. खारू खोलीत थांबत नाही. आत नेली तर भिंतीला पाठ लावून दाराकडे टक लावून बसते, कुणी जवळ गेलं की किंचाळते. रात्री उशी ओढत बाहेर येते आणि पॅसेजमध्ये उघड्या लाकडावर झोपते. मुलीने समजावलं, चुचकारलं, शेवटी एक धपाटाही घातला. नव्या लोकरीच्या वासाने बिथरली असेल, तुमचं-तिचं गूळपीठ आहे, तुम्ही या, म्हणाली.

गेलो तेव्हा मुलगी कामावर होती आणि जावई बाहेर. शेजारच्या बाई खारूवर लक्ष ठेवून होत्या, त्यांना मी घरी पाठवलं. खारू पॅसेजमध्ये पालथी पडून चित्र काढत होती. एका हातात पेन्सिल, दुसऱ्या हाताचा तळवा जमिनीवर सपाट. कानांतली मशिनं काढून तिने रंगांच्या डबीत ठेवलेली. रागवावं म्हणून मी तोंड उघडतोय तोच ती वर न बघता म्हणाली, "बाबा."

मी इकडेतिकडे बघितलं, कुणी नाही. मग कुठे मला जिन्यावरची पावलं ऐकू आली आणि जावई वर आला.

मी उभा राहिलो. तिच्या मागे, पाय न हलवता, शेजारीपाजारी खिडक्या उघडतील एवढ्या मोठ्याने तिला हाक मारली. पेन्सिल चालूच. परत मारली. काही नाही. मग तोंड मिटून मी फक्त एक पाऊल पुढे टाकलं. खारू झर्रकन वळली आणि माझ्याकडे बघून हसली.

तिला उचलून खोलीत नेलं, दाराकडे पाठ करून रंग घेऊन बसवलं. दारापर्यंत मागे गेलो आणि अंगातलं सगळं वजन पायांत घालून तिच्याकडे चालत आलो. तिला पत्ता नाही. खांद्यावर हात ठेवला तर अशी किंचाळली, अशी भिंतीला जाऊन चिकटली की मला माझ्याच हाताची शिसारी आली. माझं काम शंभर टक्के पास झालं होतं.

जावई दारात उभा राहून सगळं बघत होता.

"मला माहीत होतं अप्पा," तो म्हणाला. "दोन महिने झाले. मशिनं नसली तरी तिला कोण येतंय ते कळायचं. फळ्यांच्या हादऱ्यातून."

"मग बोलला का नाहीत?"

"तिची आई रोज वहीत लिहायची. कसं बोलू?"

त्याला झापायला माझी जीभ शिवशिवत होती. पण कुठल्या तोंडाने? हा माणूस एकदा बोलायला आला होता, तर फळ्या प्याऱ्या की पोर असं विचारून त्याला गप्प करणारा मीच. खारूला कडेवर घेऊन तो पॅसेजमध्ये बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला की लोकरीने पोरीला त्रास होतो असं सांगू, कार्पेट काढू, गालिचे टाकू, पोरीच्या आईला यातलं काही कळायला नको. खरं सांगतो, क्षणभर मला ते पटलं. मुलीचं सुख टिकत असेल तर एक खोटं बोलायला माझं काय जात होतं? पण दहा दिवसांवर डॉक्टरीणबाईंकडे तपासणी होती. त्या वहीच्या भरवशावर त्यांनी हातांच्या खुणांची भाषा शिकवायचं पुढे ढकललं होतं. आणि बोलताना खारूचे शब्द हल्ली कडेकडेने झिजायला लागले होते. ते आम्हाला सगळ्यांना दिसत होतं आणि आम्ही सगळे मूग गिळून बसलो होतो. म्हटलं, नाही, मी सांगतो. शिव्या खायची मला सवय आहे.

मुलगी आली आणि मी सांगितलं. आधी तिला गंमत वाटली, मग ती चिडली. तुम्हीसुद्धा आता ह्यांच्या बाजूने का, म्हणाली. आतून वही आणली आणि माझ्यासमोर एकेक ओळ वाचायला लागली. दारातून हाक मारली, वळली. मी विचारलं, तेव्हा तू चालत आली होतीस की उभी होतीस? चालत आले होते. जेवायला बोलावलं, धावत आली. तेव्हा? जिना चढून आले होते. तिसऱ्या, चौथ्या ओळीपर्यंत तिने तडकाफडकी उत्तरं दिली. पाचव्या ओळीला ती थांबली. पुढची दोन-तीन पानं तिने मनातच वाचली आणि वही मिटली.

मग ती उठली. डबीतली मशिनं घेतली, त्यांत नव्या बॅटऱ्या घातल्या आणि स्वतःच्या हातांनी खारूच्या कानांत नीट बसवली. खारू परत चित्रावर पालथी झाली. मुलगी तिच्या मागे दोन हात अंतरावर जाऊन उभी राहिली, पाय जुळवून, आणि हाक मारली. नेहमी मारते तशी, गोड. मग जरा मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. खारू, बाळा, सोन्या, माझ्या राणी, पोरीची होती नव्हती ती सगळी लाडाची नावं घेऊन झाली. आवाज फाटला, खोकला आला, तरी थांबेना. जावई पुढे जायला निघाला, मी त्याचा दंड धरून ठेवला. खारू घराचं छप्पर लाल रंगवत होती. रंग रेघेबाहेर जाऊ नये म्हणून तिने जीभ दातांत धरली होती.

शेवटी मुलगी थांबली. पाय तिने तरीही जागचे हलवले नव्हते.

"अप्पा," ती तशीच पाठमोरी म्हणाली, "रोज झोपवताना मी गाणं म्हणते. ती डोळे मिटते. मी जवळ असते म्हणून मिटते का?"

बाप आहे, खोटं बोलायला हवं होतं. जमलं नाही. "हो ग बाळा," म्हटलं, आणि मला रडू आवरलं नाही.

मग ती म्हणाली, "उचला ते."

उचलायला कितीसा वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी सकाळी सुरीने पट्टे कापले, गुंडाळ्या केल्या, दोन्ही नमदे सोलून काढले. खिळ्यांच्या पट्ट्या उपटल्या. जावई आणि मी गुडघ्यांवर बसून भोकं बुजवत होतो तेव्हा मी त्याची माफी मागितली. माफी मागायची सवय नसल्याने ती शिवीसारखीच बाहेर पडली असणार, कारण तो जरा हसला. गालिचे मीच जाऊन आणले, पातळ विणीचे दोन. तुम्ही आणि गालिचे, असं दुकानदाराने विचारलं. गप बस, म्हटलं. एक टेबलाखाली टाकला, एक पलंगाच्या पलीकडच्या अंगाला, म्हणजे उतरताना पाय गार पडणार नाहीत. दारापासून पलंगापर्यंतच्या फळ्या उघड्या ठेवल्या. खारूने आत येऊन दोन्ही तळवे जमिनीवर टेकले, इकडून तिकडे रांगली आणि त्या रात्री आपल्या पलंगावर झोपली.

डॉक्टरीणबाईंना मुलीने सगळं स्वतः सांगितलं. मला वाटलं होतं ती तिथे कोसळेल. कोसळली नाही. खुणांची भाषा शिकवणाऱ्या बाई कधीपासून येतील, एवढंच विचारून आली.

त्या दुपारी मी खोलीत खुर्चीवर बसलो होतो. खारू खिडकीपाशी, दाराकडे पाठ करून. मुलगी दुधाचा पेला घेऊन दारात आली आणि सवयीने तिने हाक मारायला तोंड उघडलं. नाव ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. ती तशीच थांबली. मग तिने तोंड मिटलं आणि अनवाणी पाय फळीवर आपटला. खारू लगेच वळली, तोंडभर हसली आणि दुधासाठी हात पुढे केला.

त्यानंतर माझ्या मुलीने तिला नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही.