लग्नाला गेलेला बावटा

मित्रांनो, मी एक जुना धोक्याचा बावटा आहे. माझा एक कोपरा फाटलेला आहे. तो कसा फाटला, हे कोणी विचारू नये असे मला वाटते; पण आज मीच सांगतो.

केर्केना बेटावरच्या आमच्या लहानशा बंदरात, धक्क्याच्या टोकाला माझा खांब आहे. बंदराची देखरेख करणाऱ्या लारूसीकाकांच्या पत्नीने, मब्रूका काकूंनी, मला जाड लाल कापडातून शिवले. काम तसे सोपे. उन्हाळा सरला की उत्तरेकडून थंड वाऱ्याचे लोट येऊ लागतात. सकाळी रेडिओवर हवामानाचा अंदाज सांगतात. त्यात आमच्या पट्ट्याचे नाव आले की काका मला वर चढवतात. मग होड्या बाहेर जात नाहीत, आणि गेलेल्या असल्या तर परत फिरतात.

म्हणजे मी दिसलो की कोणाचा तरी दिवस बुडतो. माझे कौतुक कोण करणार? त्यातून अंदाज साऱ्या किनाऱ्याचा असतो. पुष्कळदा तो लोट उत्तरेकडूनच निघून जातो, आमच्याकडे नुसती झुळूक येते, आणि मी निळ्या आकाशाखाली वेड्यासारखा फडफडत राहतो. अशा दिवशी शादली नावाचा मच्छीमार हमखास खांबाखाली येऊन उभा राहायचा.

"काय काका, काकूंचा परकर वाळत घातलाय वाटतं!"

"अरे, रेडिओवर वारा सांगितलाय."

"रेडिओला सांगायला काय जातंय! माझ्या घरी चूल पेटवायला येणारे का तो?"

सगळा धक्का हसायचा. मला त्या माणसाचा फार राग यायचा.

त्या वर्षी शरदाच्या तोंडालाच लागोपाठ अंदाज चुकले. लोक काकांना टोमणे मारू लागले. आणि त्यातच काकांच्या मुलीचे, सलूहाचे, लग्न आले. आमच्याकडे नवरी होडीतून सासरी जाते. काकूंनी होडी ओढण्यांनी, फुलांनी सजवली, पण पुढचे टोक मोकळेच राहिले.

"अहो, तो बावटा द्या की. पोरीची होडी अशी बोडकी नेऊ का?" काकू म्हणाल्या.

"आज दुपारनंतर वारा आहे गं. आत्ता चढवणारच होतो मी त्याला."

"रोजच असतो तुमचा वारा! आकाश बघा जरा. आणि चढवून बघाच आज, गावभर होईल की लारूसीनं स्वतःच्या पोरीच्या लग्नाला धोक्याचा बावटा लावला."

काका हसले. त्या हसण्यातच सगळे ठरून गेले. समुद्रावर कोण कोण आहे, हे त्यांनी एकदा मनात घोळवले असेल. पहाटे फक्त शादली गेला होता, तोही लग्नाच्या जेवणातल्या कुसकुससाठी मासे आणायला. उथळ पाण्यात खजुरीच्या झावळ्या रोवून केलेले त्याचे सापळे दूरवर होते. शेजारच्या पोरीचे लग्न, म्हणून मासे त्याच्याकडून भेट होते.

मला होडीच्या टोकाला बांधले. माझ्यावर संत्र्याच्या फुलांचे अत्तर शिंपडले. बायकांनी आनंदाचे लांबलांब हेल काढले, ढोल वाजला, लहान मुले मला हात लावायला धडपडू लागली. मला पाहून माणसे खूश होतात, हे मी जन्मात पहिल्यांदा अनुभवत होतो. मी तर भान विसरून नाचलो. माझा खांब मागे रिकामा आहे, हे माझ्या मनातही आले नाही. मित्रांनो, मला लाज वाटते ती याचीच.

दुपार कलली तशी उत्तरेला ढगांची काळी पट्टी दिसली. वारा एकदम पडला, आणि मग असा थंडगार झोत आला की ढोल थांबला. वऱ्हाड किनाऱ्याजवळच होते, म्हणून कसेबसे धक्क्याला लागले. काका माझ्या गाठी सोडू लागले, पण भिजलेल्या गाठी सुटेनात. शेवटी त्यांनी मला दातांनी ओढले, तेव्हा हा कोपरा फाटला. मी खांबावर चढलो, पण समोर फक्त पाऊस होता. त्या पावसात मी कोणाला दिसणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या एका होडीने शादलीला आणले. सापळ्याच्या झावळ्यांना धरून तो तग धरून राहिला होता. त्याच्या वडिलांनी बांधलेली होडी मात्र गेली. काका त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

शादलीच म्हणाला, "मी बघितलं होतं काका. वाऱ्याच्या आधी दोनदा वळून बघितलं. खांबावर काही नव्हतं, म्हणून शेवटच्या सापळ्याकडे गेलो."

त्याची बायको वसीला त्याचे पाय चोळत होती. ती म्हणाली, "मीही गच्चीवरून बघितलं. हे नेहमी सांगतात, बावटा वर नाही तोवर घोर लावून घ्यायचा नाही. मी आपली निवांत मिरच्या निवडत बसले."

दोघांपैकी कोणीही आवाज चढवला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. ज्याला मी माझा वैरी समजत होतो, त्याचे सारे घर माझ्या भरवशावर होते.

आता शादली दुसऱ्याच्या होडीवर कामाला जातो. मी काकांच्या खोलीत घडी होऊन पडलेलो असतो, तेव्हा खिडकीतून त्याचा आवाज ऐकू येतो.

"काका, आज काही नाही ना?"

"नाही रे."

आणि तो जातो. पुन्हा एकदा विचारतसुद्धा नाही.

मित्रांनो, माझी खुशाल थट्टा करा. मी खोटा ठरलो तर चार शिव्याही द्या. पण दिवस छान दिसतो म्हणून मला माझ्या जागेवरून हलवू नका. मी खांबावर नसतो, तेव्हाही कोणीतरी लांबून खांबाकडे बघत असते. आणि रिकाम्या खांबावरही तो माणूस विश्वास ठेवतो.